पनवेलची लाइन आळी आणि ‘लाइन’ या शब्दाचे अर्थ

१. विषयप्रवेश

जुन्या पनवेल गावात लाइन आळी नावाची एक वस्ती आहे. गावातील इतर वस्त्यांच्या नावांशी हे नाव ताडून पाहिले असता त्याचे वेगळेपण ध्यानात येते. प्रभू आळी, परदेशी आळी, कोळीवाडा, कच्छी मोहल्ला या नावांत पहिला घटक तेथे राहणाऱ्या समाजाचा वाचक आहे. पुण्याची तांबट आळी किंवा बुरुड आळी ही नावे तेथील व्यवसाय सांगतात. लाइन आळी या नावात मात्र ना जात आहे ना धंदा. त्यात इंग्रजीतून आलेला एक नित्याचा शब्द आहे, आणि त्याला जोडलेला जो मराठी शब्द आहे त्याचाही मूळ अर्थ तोच आहे. ‘आळी’ म्हणजे घरांची ओळ, आणि ‘लाइन’ म्हणजेही ओळच. अर्थात लाइन आळी म्हणजे ‘ओळीची ओळ’.

या नावाच्या निमित्ताने ‘लाइन’ या शब्दाच्या मराठीतील अर्थांचा व वाक्प्रचारांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ही आळी कोणी व केव्हा वसविली हा स्थानिक इतिहासाचा प्रश्न येथे विचारासाठी घेतलेला नाही. प्रश्न शब्दाचा आहे. परभाषेतील एखादा बहुअर्थी शब्द मराठीत येतो तेव्हा तो आपल्या सर्व अर्थांसह एकदम येतो, की एकेक अर्थ वेगवेगळ्या वाटेने येतो? या प्रश्नाच्या उत्तरावर कोशातील नोंदीची मांडणी अवलंबून आहे, आणि जुनी कागदपत्रे वाचताना त्या शब्दाचा कोणता अर्थ घ्यावा हेही अवलंबून आहे. आमचे प्रतिपादन असे की ‘लाइन’ हा शब्द मराठीत एकदा आलेला नाही. छावणी, लोहमार्ग, तारा, नळ, शिधावाटपाचे दुकान अशा निरनिराळ्या संस्थांबरोबर तो अनेक वेळा आला. ज्या अर्थाबरोबर संस्था आली नाही, त्या अर्थी मराठीने तो बहुशः स्वीकारलाच नाही.

२. दोरा, सूत्र आणि ओळ

इंग्रजी ‘लाइन’च्या मुळाशी लॅटिन ‘लिनेआ’ हा शब्द असून त्याचा अर्थ तागाचा दोरा असा आहे. तोही ‘लिनुम’ या वनस्पतिवाचक शब्दापासून साधलेला आहे. ‘लिनुम’ म्हणजे आपल्याकडे जिला जवस किंवा अळशी म्हणतात ती वनस्पती. महाराष्ट्रात ती तेलासाठी पिकविली जाते. युरोपात तिच्या धाग्यापासून वस्त्र विणीत. ‘लिनन’ हे कापडाचे नाव आणि अस्तर या अर्थी असलेला ‘लायनिंग’ हा शब्द यांचे मूळही तेच. ताणलेल्या दोऱ्यावरून सरळ रेघ, रेघेवरून रांग, रांगेवरून मार्ग व मर्यादा, आणि मार्गावरून व्यवसाय, असा इंग्रजीतील अर्थविस्ताराचा स्थूल क्रम सांगता येतो.

हा क्रम मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. संस्कृत ‘सूत्र’ शब्दाने याच वाटेने प्रवास केला आहे. सूत्र म्हणजे प्रथम धागा. मग मोजणीची दोरी. मग नियम, आणि अखेरीस संक्षिप्त सिद्धान्त. ‘सुतार’ या शब्दाच्या मुळाशी हेच सूत्र आहे, आणि कारागीर आजही इंचाच्या आठव्या हिश्शाला ‘सूत’ म्हणतात. एखादा उनाड मुलगा ‘सुतासारखा सरळ’ आला असे आपण म्हणतो, त्यात लाकडावर मारलेल्या दोरीच्या खुणेची आठवण आहे.

रांग या अर्थाचे शब्दही आपल्याकडे विपुल आहेत. अमरकोशात वीथी, आलि, आवलि, पंक्ती, श्रेणी हे शब्द एकत्र दिलेले आहेत. यांतील ‘आलि’पासून मराठी ‘आळी’ आली. ‘आवलि’ हा शब्द ‘दीपावली’त आहे, आणि ‘ओळ’ हा शब्दही परंपरेने त्याच्याशीच जोडला जातो. ‘पंक्ती’ची ‘पंगत’ झाली. ‘वीथी’चा अर्थ तर रांगही आहे आणि रस्ताही आहे, म्हणजे घरांच्या रांगेवरून वस्तीला नाव पडण्याची रीत इंग्रजांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके आपल्या भाषांत रूढ होती. (येथे एक इशारा आवश्यक आहे. गवंड्याच्या ‘ओळंब्या’चा ‘ओळी’शी संबंध नाही, तो ‘अवलंब’पासून आलेला आहे.)

तात्पर्य, मराठीला या अर्थांच्या शब्दांची उणीव होती म्हणून ‘लाइन’ आली, असे म्हणण्यास जागा नाही. गवंड्यांच्या हत्यारांत थापी, ओळंबा, गुण्या यांबरोबर ‘लाइनदोरी’ असते. येथे लॅटिन दोरा आणि मराठी दोरी एकत्र आले आहेत, आणि गवंड्याला त्यात कोणतीही पुनरुक्ती जाणवत नाही. ‘लाइनदोरी’ आणि ‘लाइन आळी’ हे दोन्ही सामासिक शब्द एकाच घडणीचे आहेत. परका शब्द पुढे, त्याचाच अर्थ सांगणारा देशी शब्द मागे. अशा जोडशब्दांत देशी घटक वस्तूची जात सांगतो, आणि परका घटक ती कोणत्या व्यवस्थेतील आहे ते सांगतो. कोणतीही दोरी ‘लाइनदोरी’ नव्हे. बांधकामाची आखणी करणारी तीच. त्याचप्रमाणे, प्रत्येक आळी ओळच असली तरी प्रत्येक आळी लाइन आळी नव्हे.

३. छावणीची लाइन

भारतातील वस्त्यांच्या नावांत ‘लाइन’ आढळते ती मुख्यतः लष्करी परिभाषेतून आलेली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या छावण्यांत देशी शिपायांच्या झोपड्या सरळ ओळींत बांधलेल्या असत, आणि त्या वसाहतीला ‘लाइन्स’ म्हणत. मुंबईतील मरीन लाइन्स हे नाव मरीन बटालियनच्या निवासावरून पडले. मुलकी अधिकाऱ्यांच्या वसाहती त्याच धर्तीवर ‘सिव्हिल लाइन्स’ झाल्या. नागपुरात ते नाव आजही आहे. कोल्हापुरात कसबा बावड्याकडे आणि मराठी सीमाभागाला लागून असलेल्या धारवाड शहरात ‘लाइन बाजार’ आहेत. येथेही ‘लाइन’ हा घटक त्याच वर्गातील असून बाजार हा तिचा सोबती आहे. पुढे पोलिसांच्या निवासांनाही हाच शब्द लागला. ‘पोलीस लाइन’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांच्या तोंडी आहे, आणि तेथे वाढलेली मुले स्वतःला ‘लाइनीतली’ म्हणवितात.

पनवेल हे या परिभाषेच्या वाटेवरचे गाव होते. मुंबईहून होडीने खाडी ओलांडून पनवेलला उतरावे आणि तेथून बोरघाटाने पुण्यास जावे, हा जुना मार्ग. १७७८ साली पुण्यावर चालून निघालेले कंपनीचे सैन्य याच बाजूने घाट चढले, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे त्याला मराठ्यांशी तह करणे भाग पडले. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा पनवेल बंदर व पुणे यांच्यामध्ये चाकाच्या वाहनांची रहदारी सुरू झाली. १८५२ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, पनवेलला नगरपालिका मिळाली. बंदर, सरकारी सडक आणि नगरपालिका असलेल्या गावात ‘लाइन’ हा शब्द ऐकू येण्यास आगगाडीची वाट पाहावी लागण्याचे कारण नव्हते.

येथे एक व्याकरणविषयक बाब नोंदविण्यासारखी आहे. राज्यकर्त्यांनी दिलेल्या नावांत इंग्रजी अनेकवचन कायम राहिले: मरीन लाइन्स, सिव्हिल लाइन्स. लोकांच्या तोंडी रुळलेल्या नावांत ते गळून पडले: पोलीस लाइन, लाइन बाजार, लाइन आळी. नाव वरून लादलेले की खालून रुळलेले, याची ही एक साधी कसोटी आहे.

४. रूळ, तार आणि नळ

दुसरी ‘लाइन’ आली ती लोहमार्गाबरोबर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पुरा होऊन मुंबई व पुणे ही शहरे रुळांनी जोडली गेली. तो मार्ग कल्याण व कर्जतवरून गेला. पनवेल बाजूला पडले. होडीने उतरणारा उतारू आणि गाडीवान यांच्यावर चालणारी पनवेलची घाटवाहतूक त्यामुळे ओसरली. म्हणजे रेल्वेच्या अर्थाची ‘लाइन’ पनवेलच्या इतिहासात प्रथम आली ती ‘आपल्या गावावरून न गेलेली’ म्हणून. पनवेलला प्रत्यक्ष रूळ आले ते सुमारे शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात, दिव्याहून. कोकण रेल्वे पूर्ण झाल्याचे वर्ष १९९८. आणि त्याच वर्षी मुंबईच्या उपनगरी वाहतुकीची हार्बर लाइन पनवेलपर्यंत पोहोचली.

या शेवटच्या नावात एक ऐतिहासिक विसंगती दडलेली आहे. हार्बर लाइन हे नाव मुंबई बंदराला लागून गेलेल्या मार्गावरून पडले. १९२५ साली भारतातील पहिली विजेवरील गाडी याच मार्गावर कुर्ल्यापर्यंत धावली. पनवेल हे स्वतःच एक बंदर होते, आणि त्याच्या पडत्या काळाला लोहमार्ग हे एक कारण झाले. त्या गावाला अखेर जी लाइन मिळाली तिच्या नावात बंदर आहे. मात्र ते मुंबईचे.

उपनगरी वाहतुकीने या शब्दाला मराठीत एक नवा अर्थ दिला. ‘तुम्ही कुठल्या लाइनला राहता?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हार्बर लाइनला’ असे येते. येथे लाइन म्हणजे रूळ नव्हे. रुळांच्या आश्रयाने वाढलेला प्रदेश. ‘ला’ हा प्रत्यय ‘गावाला राहतो’ या धर्तीवर लागला आहे. आळीत जशी घरांची ओळ, तशी येथे उपनगरांची ओळ. एकेरी मार्गावर पुढील स्थानकाची अनुमती मिळाल्याखेरीज गाडी सोडीत नसत. त्या पद्धतीतील ‘लाइन क्लिअर’ हा शब्द तर रेल्वेबाहेर पडून ‘अडथळा नाही, खुशाल पुढे जा’ या अर्थी रूढ झाला.

तारायंत्राची कथा याहून वेगळी आहे. १८५० च्या दशकात तारायंत्र आले तेव्हा धातूचा धागा या अर्थाचा ‘तार’ हा शब्द भाषेत तयार होता. तोच यंत्राला लागला, तोच संदेशाला लागला. ‘तार आली’ या दोन शब्दांनी घरात कालवाकालव होत असे. २०१३ च्या जुलैमध्ये भारतातील तारसेवा बंद होईपर्यंत हा अर्थ ‘लाइन’कडे गेला नाही. दूरध्वनीच्या बाबतीत मात्र तो गेला. कारण दूरध्वनीत महत्त्वाचा होता तो संदेश नव्हे, तर दोन टोकांमधील चालू संबंध: ‘लाइन लागत नाही’, ‘लाइन तुटली’, ‘लाइनवर थांबा’. विजेच्या बाबतीतही तेच घडले, आणि तारा सांभाळणारा कामगार ‘लाइनमन’ झाला.

नळाच्या पाण्याने आणखी एक अर्थ आणला. पनवेलला देहरंग धरणाचे पाणी येते. ज्यातून ते येते ती लाइन. ग्रामीण महाराष्ट्रात ‘पाइपलाइन केली’ या शब्दांत नदीचे किंवा विहिरीचे पाणी कोरडवाहू रानात नेल्याची सारी प्रतिष्ठा सामावलेली असते. आणि नळाला पाणी कमी आले की त्याच पाण्यासाठी माणसांचीही लाइन लागते. ‘पाण्याची लाइन’ या एकाच शब्दसमूहाचा अर्थ जमिनीखालचा नळ असाही होतो आणि जमिनीवरची हंडे-कळशांची रांग असाही होतो.

५. दुकानापुढील रांग

माणसांची रांग या अर्थी ‘लाइन’ हा शब्द मराठीत सर्वाधिक रुळलेला आहे, आणि विचारार्ह गोष्ट अशी की ब्रिटिशांच्या इंग्रजीत दुकानापुढे ताटकळणाऱ्या लोकांच्या रांगेला सामान्यतः ‘क्यू’ म्हणतात. तेथे ‘लाइन’ म्हणण्याचा परिपाठ अमेरिकेतला. आपला संबंध तर ब्रिटिशांशी आला. मग हा अर्थ आला कोठून? सैनिकांना व शाळेतील मुलांना रांगेत उभे करताना ‘लाइन’ हा शब्द वापरला जाई, त्यातून तो परिचित झाला असावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, मुंबईत धान्याचे शिधावाटप सुरू झाले आणि दुकानापुढची रांग हा नागरी जीवनाचा नित्य भाग बनला. ‘क्यू’ हा शब्द तेव्हा शिकलेल्यांच्या बोलण्यात आला, पण तो टिकला नाही. ‘रांग’ आणि ‘लाइन’ हे दोन टिकले. धान्याची, रॉकेलची, दुधाची, एस. टी.च्या थांब्यावरची, अशा सर्व रांगांना ‘लाइन’ हे नाव मिळाले.

यावरून एक अनुमान काढता येते. इंग्रजी शब्दाचा एखादा अर्थ मराठीत रूढ झाला म्हणजे तो इंग्रजीतून जसाच्या तसा आला असे धरून चालू नये. येथे मराठी ‘रांग’ शब्दाची सगळी व्याप्ती परक्या शब्दात ओतली गेली आहे. वेष परका आहे; अर्थ घरचा आहे. कापड-दुकानात ‘लायनिंगचा शर्ट’ मागणारा ग्राहक रेघांचा शर्ट मागत असतो. इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ अस्तर असा आहे. मराठीने ‘लाइन’ म्हणजे रेघ हे धरून आपल्या तर्काने पुढचा शब्द घडविला, आणि त्याच बाजारात शिंपी त्याच शब्दाने अस्तरही मागतो. दोन्ही व्यवहार बिनबोभाट चालतात.

६. धंदा, वळण आणि चेष्टा

‘मुलाने कुठली लाइन घेतली?’ या प्रश्नाने मराठी घरांत कित्येक उन्हाळे गाजले आहेत. सायन्स लाइन, कॉमर्स लाइन, डॉक्टरी लाइन, सिनेमा लाइन हे प्रयोग व्यवसायाचा मार्ग या इंग्रजी अर्थावरून आले. मराठीत मात्र त्यांना दर्जाची एक छटा चिकटली. ‘ती लाइन आपली नव्हे’ या वाक्यात केवळ व्यवसायाची निवड नाही. घराण्याची रीत, लौकिक आणि कित्येकदा जातीचा अप्रकट विचारही आहे. पारंपरिक धंद्याला ‘लाइन’ म्हणत नाहीत, हेही पाहण्यासारखे आहे. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवले तर त्याने कुंभाराची लाइन घेतली असे कोणी म्हणत नाही. त्याने मोटारदुरुस्ती शिकली, तर ‘मोटार लाइनला गेला’ असे म्हणतात. जन्माने मिळतो तो धंदा. निवडून घ्यावी लागते ती लाइन. हा अर्थ समाजातील स्थित्यंतराचा साक्षीदार आहे. ज्या समाजात व्यवसाय ठरलेला असतो, तेथे या शब्दाचे काम पडत नाही.

‘लाइनवर आणणे’ म्हणजे वळणावर आणणे. हा प्रयोग रूळ या कल्पनेशी जोडता येईल, कारण घसरलेली गाडी रुळांवर घेतात; पण त्याच्या पाठीशी ‘सुतासारखा सरळ’ हा जुना वाक्प्रचार उभा आहेच. परका वाक्प्रचार मराठीत लवकर रुजतो तो बहुधा अशा ठिकाणी, जेथे त्याच्या आकाराची जागा आधीच असते.

घरोघर वृत्तपत्रे किंवा दूध पोहोचविणारे ‘लाइन टाकतात’. घरांचा ठरावीक क्रम ही त्यांची लाइन, आणि ती टाकून कित्येकांनी आपले शिक्षण पुरे केले आहे. तरुणांच्या बोलीतील ‘लाइन मारणे’ हा प्रयोग मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत आहे. ‘डोळा मारणे’, ‘शिट्टी मारणे’, ‘चक्कर मारणे’ या मालिकेत तो चपखल बसतो, आणि प्रतिसादाला ‘लाइन देणे’ म्हणतात. संशोधनपत्रिकेत अशा प्रयोगांची नोंद करण्यास संकोच वाटू नये. बोलीच्या अर्थसमृद्धीचा पुरावा शिष्ट भाषेपेक्षा येथे अधिक मिळतो.

७. लिंग, विभक्ती आणि क्रियापद

इंग्रजीत ‘लाइन’ला व्याकरणिक लिंग नाही, मराठीत ती स्त्रीलिंगी झाली. ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, तार, आळी, पंगत: ज्या शब्दांच्या घरी ती पाहुणी म्हणून आली ते सर्व स्त्रीलिंगी आहेत. समानार्थी देशी शब्दांनी परक्या शब्दाचे लिंग ठरविण्याचे हे निर्विवाद उदाहरण होय. अनेकवचनही ‘ओळ–ओळी’च्या नमुन्यावर ‘लाइन–लाइनी’ असे झाले: ‘दोन लाइनी लिहून दे.’

विभक्तिप्रत्यय लागताना मात्र सर्व अर्थ सारखे वागत नाहीत. रांग या अर्थी ‘लाइनीत उभा राहा’, ‘लाइनीने बसा’ असे मराठी सामान्यरूप होते. दूरध्वनीच्या किंवा वळणाच्या अर्थी ‘लाइनवर’ असेच म्हणतात, ‘लाइनीवर’ म्हणत नाहीत. व्यवसायाच्या अर्थी ‘या लाइनीत’ व ‘या लाइनमध्ये’ असे दोन्ही प्रयोग ऐकू येतात. अगदी अलीकडचा ‘ऑनलाइन’ हा शब्द तर कोणताही विकार न होता वापरला जातो; ‘सातबारा ऑनलाइन काढला’ असे म्हणताना त्यात लाइन आहे याचे भानही बोलणाऱ्यास नसते. जो अर्थ देशी शब्दाच्या अधिक निकट, त्याचे सामान्यरूप अधिक पूर्ण, असे येथे दिसते. एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ भाषेत निरनिराळ्या प्रमाणात मुरलेले असू शकतात, हे यावरून सिद्ध होते.

इतके अर्थ असूनही घोटाळा का होत नाही? कारण अर्थ ठरविण्याचे काम क्रियापद करते. लाइन फुटली म्हणजे पाण्याची. लाइन गेली म्हणजे विजेची. लाइन तुटली म्हणजे दूरध्वनीची. लाइन मोडली म्हणजे रांगेत कोणी मध्ये घुसले. लाइन टाकली म्हणजे वृत्तपत्रांची. लाइन बदलली म्हणजे व्यवसायाची. ‘लाइन लागली’ म्हणजे माणसांची रांग, पण ‘लाइन लागत नाही’ म्हणजे दूरध्वनी. लागणे, टाकणे, मारणे, मोडणे ही क्रियापदे मराठीची स्वतःची आहेत. नाम उसने घेतले, तरी वाक्प्रचार उसना नाही.

८. जेथे ‘लाइन’ आली नाही

आतापर्यंतच्या प्रतिपादनाची कसोटी उलट बाजूने घेता येते. मर्यादा किंवा सीमा हा इंग्रजी शब्दाचा एक ठळक अर्थ आहे. तो मराठीत ‘लाइन’ या रूपाने रूढ झालेला नाही. नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा हे शब्द ‘रेषा’ घेऊनच आले. वृत्तपत्राचा ‘मथळा’ आणि कामाची ‘मुदत’ यांतही लिखित भाषेने ‘लाइन’ला थारा दिला नाही. मराठी क्रिकेट समालोचनात गोलंदाजाची ‘दिशा आणि टप्पा’ येतो. हे अर्थ छावणीतून, स्थानकातून किंवा नळावरून आले नाहीत; ते छापील मजकुरातून आणि भाषांतरातून आले. तेथे शब्द निवडणारा मनुष्य लेखणी घेऊन बसलेला होता आणि त्याला विचार करण्यास अवधी होता. ज्या अर्थाबरोबर वस्तू व व्यवस्था आली, तेथे वस्तूने आपले नाव स्वतःच आणले.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, १९६० पासून, शासनव्यवहाराच्या मराठी परिभाषेचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले, आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत ‘लाइन’च्या जागी आज जे शब्द दिसतात ते लक्षात घेण्याजोगे आहेत: रूळ असतील तर लोहमार्ग, पाणी असेल तर जलवाहिनी, वीज असेल तर वीजवाहिनी, माणसे असतील तर रांग, सीमा असेल तर रेषा, पोलिसांची घरे असतील तर वसाहत. एका शब्दाला सहा प्रतिशब्द लागले. परिभाषाकारांनी, बहुधा अजाणता, तोच निष्कर्ष मान्य केला जो येथे मांडला आहे: ‘लाइन’ हा मराठीत एक शब्द नाही.

परभाषी शब्दांची चर्चा आपल्याकडे दीर्घकाळ मोजदादीच्या अंगाने झाली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या मराठी पत्रांतील फारसी शब्दांची गणना करून राजकीय सत्तेचा भाषेवरील परिणाम दाखविला. ते कार्य पथदर्शक होते. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीने आणि माधव जूलियन यांच्या ‘भाषाशुद्धि-विवेक’ या १९३८ च्या ग्रंथाने प्रतिशब्दांचा प्रश्न ऐरणीवर आणला. या दोन्ही पद्धतींत शब्द हे एकक धरलेले आहे. मोजदादीत ‘लाइन’ एक म्हणून मोजली जाईल. शुद्धीकरणात ती एक म्हणून काढली जाईल. परंतु प्रत्यक्षात तिचे दहा अर्थ दहा वाटांनी आले असतील, तर एकक शब्द नसून अर्थ हे असले पाहिजे.

९. उपसंहार

वरील विवेचनातून अभ्यासकांच्या उपयोगी पडेल अशी एक रीत हाती येते. एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकातील मराठी कागदात ‘लाइन’ किंवा तत्सम बहुअर्थी परका शब्द आढळल्यास चार प्रश्न विचारावेत. त्या ठिकाणी त्या काळी कोणती संस्था होती? शब्दाला इंग्रजी अनेकवचन आहे की मराठी? त्याचे सामान्यरूप झाले आहे काय? त्याच्याबरोबर कोणते क्रियापद आहे? १८५३ पूर्वीच्या कागदात ‘लाइन’ म्हणजे रूळ असू शकत नाही, आणि रूळ पोहोचण्यापूर्वीच्या पनवेलमधील ‘लाइनीजवळचे घर’ हे स्थानकाजवळचे घर नव्हे. आजचा अर्थ कालच्या कागदावर लादण्याचा प्रमाद असे शब्द फार सहज घडवून आणतात, कारण ते ओळखीचे वाटतात.

कोशकारांसाठीही एक सूचना करावीशी वाटते. अशा शब्दांच्या नोंदी इंग्रजी कोशातील अर्थक्रमाने न लावता, मराठीत तो अर्थ कोणत्या संस्थेबरोबर आला त्या क्रमाने लावाव्यात, आणि प्रत्येक अर्थाखाली त्याचे क्रियापद द्यावे.

पनवेलच्या संदर्भात या सूचनेला निकडही आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर गावाशेजारी नवीन पनवेल वसले, आणि तेथील पत्ते सेक्टरच्या क्रमांकांनी लिहिले जातात. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली व नगरपालिकेची जुनी हद्द मोठ्या नागरी क्षेत्राचा एक भाग बनली. क्रमांकाला व्युत्पत्ती नसते. प्रभू आळी, परदेशी आळी, लाइन आळी ही नावे टपालाच्या पत्त्यापुरती उरली आणि मग पत्त्यातूनही गेली, तर गावाच्या रचनेचा एक लेखी नसलेला दस्तऐवज नाहीसा होईल. जुन्या गावातील आळ्यांची नावे, त्यांच्या उच्चारांसह आणि लोक त्यांचा जो अर्थ सांगतात त्यासह, आताच टिपून ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका सत्रात साधण्यासारखे काम आहे. त्या यादीत लाइन आळीचे स्थान विशेष राहील. बंदर, सडक, पलटण, लोहमार्ग आणि उपनगर यांच्या सान्निध्यात ज्या गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास घडला, तेथे ‘ओळ’ या अर्थाचे दोन शब्द, एक संस्कृतातून आलेला आणि एक समुद्रापलीकडून आलेला, त्या नावात शेजारी शेजारी उभे आहेत.